थकलेले कर्ज, आधीच्या नोकरीतला ठपका आणि पडताळणी : नेमके कुठे अडते?

निवड यादीत नाव आले की वस्तीत पेढे वाटले जातात, बुद्ध विहारात सत्कार होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. त्यानंतर पडताळणीचा एक टप्पा असतो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये तो कोणी शिकवत नाही आणि घरातल्यांना तो माहीत नसतो, कारण अनेक घरांत नोकरीच्या कागदांपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी असते.

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक तरुण बँकेत लिपिक म्हणून निवडला गेला. रुजू होण्याच्या तारखेला अठरा दिवस उरले असताना बँकेने त्याला कळवले की त्याच्या क्रेडिट अहवालात तीन खाती थकीत दिसतात. पहिले खाते हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे होते. दुसरे टाळेबंदीत अ‍ॅपवरून घेतलेल्या सहा हजारांचे. तिसरे त्याला आठवतच नव्हते. मामाच्या रिक्षाच्या कर्जाला तो जामीनदार होता आणि मामाने वर्षभर हप्ता भरला नव्हता. परीक्षा, मुलाखत, जात वैधता प्रमाणपत्र हे सगळे पार करून आलेला हा मुलगा एका सहीपाशी थांबला होता.

मार्गदर्शन केंद्रावर अशा गोष्टी आमच्यासमोर वारंवार येतात. कर्ज आणि आधीच्या नोकरीतले गैरवर्तन यांचा पुढच्या नोकरीच्या पात्रतेवर काय परिणाम होतो, याविषयी तरुणांमध्ये दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटते, खासगी कर्जाचा आणि सरकारी नोकरीचा काय संबंध? काहींना वाटते, एकदा हप्ता चुकला की सगळे संपले. दोन्ही समज चुकीचे आहेत.

सरकारी पडताळणीत कर्ज कुठून शिरते?

सरकारी नोकरीत निवड झाल्यावर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो आणि पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते. केंद्र सरकारच्या नमुन्यात अटक, खटला, स्थानबद्धता, दंड, शिक्षा यांबद्दल विचारतात. विद्यापीठाने काढून टाकले होते का, लोकसेवा आयोगाने परीक्षेला बसण्यास मनाई केली होती का, हेही विचारतात. बँकेचे कर्ज किती, असा रकाना मात्र आमच्या पाहण्यातल्या नमुन्यांत नव्हता. पोलीस भरतीला किंवा मंत्रालयातल्या लिपिकपदाला निघालेल्या तरुणाने केवळ शैक्षणिक कर्ज आहे म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

पण कर्ज मागच्या दाराने आत येते, आणि ते दार म्हणजे धनादेश. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार कर्जफेडीसाठी दिलेला चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ज्याला आपण ‘पैशांचा व्यवहार’ समजतो, तो इथे खटला होतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर त्यालाही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ लागू होऊ शकते. हे फार थोड्यांना माहीत आहे.

यात मुदती महत्त्वाच्या आहेत. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत आपण रक्कम भरली तर गुन्हा पूर्णच होत नाही. तरीही आपली मुले नोटिशीचे पाकीट उघडत नाहीत. पोस्टमनला ‘तो इथे राहत नाही’ असे सांगायला लावतात. मग समन्स येते, तेही कोणी घेत नाही, मग वॉरंट निघते. साक्षांकन नमुन्यातल्या ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिता येऊ नये अशी परिस्थिती आपण स्वतःच तयार करतो. हा गुन्हा तडजोडयोग्य आहे. लोकअदालतीत तो मिटतो आणि मिटल्याचा आदेश हातात मिळतो. तो आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवावा.

नोकरी लागल्यावरही कर्जाचा विषय संपत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १७ सांगतो की कर्मचाऱ्याने सवयीचा कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टाळावी, असे आपले खासगी व्यवहार सांभाळावेत. घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज हा त्याचा रोख नाही. एका सावकाराचे फेडायला दुसऱ्याकडून घ्यायचे, अशी साखळी लागली की हा नियम बाहेर निघतो.

बँकेची नोकरी : इथे कर्ज थेट तपासले जाते

बँकांचे तसे नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत अट असते की रुजू होताना उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास निरोगी असावा आणि किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे राहील. थकबाकी फेडली असूनही अहवाल अद्ययावत झाला नसेल तर तो करून आणावा किंवा कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणावे. नाही आणले तर नियुक्तीचा प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो. स्टेट बँकेची अट याहून कडक होती. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असलेला उमेदवार नियुक्तीस पात्र नाही, असे तिच्या जाहिरातीत म्हटले होते.

ही अट कागदावरच राहत नाही. एका उमेदवाराची अधिकारीपदावरची नियुक्ती स्टेट बँकेने २०२१ मध्ये याच कारणावरून रद्द केली. कर्जे आपण फेडली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेच्या बाजूने निकाल दिला. जाहिरातीतली अट स्पष्ट होती, सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याकडे आर्थिक शिस्त हवी आणि परतफेडीत कसूर झाल्याची नोंद आहे, असा त्याचा आशय होता. ‘आता काही बाकी नाही’ एवढे म्हणणे पुरले नाही.

या निकालाविषयी आमचे मत सांगतो. तिजोरी सांभाळणाऱ्याची आर्थिक सवय बँकेने पाहावी, यात गैर काही नाही. पण तीन आकडी स्कोअरला कारण दिसत नाही. बापाच्या डायलिसिससाठी थकलेला हप्ता आणि ऑनलाइन जुगारासाठी थकलेला हप्ता अहवालात सारखाच दिसतो. ज्याच्या घरी चुलत्या-मामाकडून बिनव्याजी उसने मिळतात त्याचा इतिहास स्वच्छ राहतो. ज्याच्या घरी कोणाकडेच नसते तो अ‍ॅपकडे जातो.

तुलनेसाठी अमेरिका पाहा. तिथे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी देताना कर्जाची कसून चौकशी होते, कारण कर्जात बुडालेल्या माणसाला विकत घेणे सोपे असते असे मानतात. गेल्या सात वर्षांत नोकरीवरून काढले होते का, किंवा काढणार असे कळल्यावर तुम्ही स्वतःच सोडली का, हेही त्यांच्या फॉर्मवर विचारतात. मात्र २०१७ पासून लागू असलेल्या त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सवलतीच्या बाजूही लिहून ठेवल्या आहेत. कर्ज नोकरी गेल्याने, आजारपणाने, घरातल्या मृत्यूने किंवा घटस्फोटाने झाले का, आणि त्या काळात माणूस जबाबदारीने वागला का, फेडीची प्रामाणिक सुरुवात केली का, याला वजन दिले जाते. आपल्या बँकांच्या अटीत असे कारण मांडायला जागा नाही. ती असावी, ही मागणी तरुणांच्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तोवर आहे त्या नियमाची तयारी ठेवण्याला पर्याय नाही.

अहवाल स्वतः काढा, परीक्षेच्या अर्जाआधी

भारतात सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. नोंदी किमान सात वर्षे ठेवल्या जातात, त्यामुळे ‘जुने आहे, गेले असेल’ या समजात राहू नये.

अहवाल वाचताना मुले गोंधळतात ती नावांमुळे. अ‍ॅपवरून घेतलेले कर्ज अ‍ॅपच्या नावाने दिसत नाही, तर त्यामागच्या वित्तकंपनीच्या नावाने दिसते. ‘हे माझे नाहीच’ म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे ते खरोखर त्यांचेच निघाले. उलट बाजूही आहे. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स कोणाच्याही हाती दिल्यामुळे भलत्याच माणसाचे कर्ज नावावर चढल्याचेही आम्ही पाहिले.

‘सेटल्ड’ हा शब्द दिसला तर थांबा. वसुली करणारा फोनवर गोड बोलतो, पंधरा हजारांच्या जागी सात भरा, विषय संपला म्हणतो. आपण भरतो आणि सुटलो असे समजतो. अहवालात ते खाते ‘बंद’ न होता ‘तडजोड केलेले’ म्हणून राहते, म्हणजे पूर्ण फेडले नाही असेच वाचले जाते. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून खाते बंद करून घ्यावे आणि थकबाकी नसल्याचे पत्र लेटरहेडवर, खाते क्रमांकासह घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज कोणतीही बँक मानत नाही.

नोंद चुकीची असेल तर क्रेडिट कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत सोडवायची असते. त्यापुढे गेल्यास तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही काही झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. या तीस दिवसांमुळेच आम्ही म्हणतो की अहवाल अर्ज भरण्याआधी पाहावा. निवडीनंतर तीस दिवस हातात नसतात.

जामीनदार राहण्याबद्दल नात्यात बोलणे अवघड असते, हे आम्हाला कळते. मामाला नाही म्हणणे सोपे नाही. पण मामा थकला तर नोंद आपल्याही नावावर येते, हे मामालाही माहीत नसते. सही करण्याआधी त्याला सांगा.

आधीच्या नोकरीतला ठपका

आता दुसरी बाजू. इथे शब्दांतला फरक जाणून घ्यावा लागतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ च्या नियम ११ मध्ये मोठ्या शिक्षांची यादी आहे. ‘सेवेतून काढून टाकणे’ ही शिक्षा पुढील सरकारी नोकरीस अपात्र करत नाही. ‘बडतर्फी’ मात्र सर्वसाधारणपणे अपात्र करते. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतही हाच भेद आहे. गावात दोन्हींना ‘नोकरीवरून काढले’ असेच म्हणतात, आणि आदेश न वाचता माणूस आयुष्यभर स्वतःला बडतर्फ समजत राहतो.

सुरक्षा रक्षकाच्या नोकरीत नियम याहून कडक आहे, आणि आपली पुष्कळ मुले याच कामात आहेत. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ च्या कलम १० नुसार शिक्षा झालेल्या व्यक्तीला रक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून ठेवता येत नाही. सैन्यदल, राज्य पोलीस, केंद्र किंवा राज्य सरकार अथवा कोणत्याही खासगी सुरक्षा एजन्सीतून गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून बडतर्फ केलेल्या वा काढून टाकलेल्या व्यक्तीलाही ठेवता येत नाही. इथे दोन्ही शिक्षा एकाच पारड्यात आहेत. रात्रपाळीत झोपल्याचा ठपका ठेवून एका एजन्सीने काढलेला रक्षक दुसऱ्या एजन्सीत जातो तेव्हा त्याच्या काढण्याच्या पत्रात काय लिहिले आहे, यावर त्याची रोजीरोटी ठरते. म्हणून सुपरवायझर ‘राजीनामा लिही नाहीतर’ म्हणतो तेव्हा घाईने कोऱ्या कागदावर सही देऊ नये. कारणे दाखवा नोटीस मागावी, तिला लेखी उत्तर द्यावे, पोच घ्यावी.

खोटे आरोपही होतात. बाबासाहेबांची जयंती मागितल्यावर, मजुरीचा हिशेब मागितल्यावर ‘उद्धट वर्तन’ असा शेरा पडलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. अशा वेळी आपले लेखी उत्तर फाइलमध्ये असणे हाच पुढच्या पडताळणीतला पुरावा असतो. तोंडी कितीही बाणेदार बोललो तरी ते फाइलला लागत नाही.

चौकशी चालू असताना राजीनामा देऊन निघून गेले की डाग राहत नाही, असे काही जण सांगतात. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात यासाठीच वेगळा प्रश्न आहे. आधीची नोकरी सरकारी असेल आणि नोटीस देऊन सोडली असेल, तर त्या वेळी शिस्तभंगाची कारवाई सुरू होती का किंवा वर्तनाबद्दल स्पष्टीकरण मागितले होते का, हे लिहावे लागते. खासगी नोकऱ्यांची नावेही तारखांसह द्यायची असतात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर सगळे जुने मालक तारखांसह दिसतात, त्यामुळे दोन महिन्यांची नोकरी लपवण्यात काही अर्थ नाही. जुन्या मालकाने सोडल्याची तारीखच नोंदवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती ऑनलाइन आपली आपण भरता येते.

लपवणे हाच मोठा दोष

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात पडताळणीबाबतची तत्त्वे एकत्र मांडली. माहिती खरीच द्यावी लागते. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किंवा किरकोळ गुन्ह्याची बाब लपवली असेल, तर नियोक्ता विवेकाने ती सोडून देऊ शकतो. किरकोळ खटला प्रलंबित आहे आणि तो खरा सांगितला आहे, तर नियुक्ती देता येते. अनेक खटले जाणूनबुजून लपवले असतील तर ती लपवाछपवीच मोठी ठरते. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही. कार्यकर्त्यांनी आणखी एक तत्त्व लक्षात ठेवावे : नमुन्यातला प्रश्न नेमका असावा लागतो, जे नेमके विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही. अर्थात खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच असेही नाही, पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच.

मोर्चातले, बंदमधले गुन्हे अंगावर असलेले कार्यकर्ते विचारतात, ‘केस मिटली, मग कशाला लिहायची?’ प्रश्न ‘कधी अटक झाली होती का’ असा असेल तर निर्दोष सुटलेल्यालाही ‘होय’ लिहावे लागते, आणि पुढे सुटल्याचा आदेश जोडावा लागतो.

विनयपिटकातल्या महावग्गात उपसंपदेच्या वेळी विचारायचे प्रश्न आहेत. रोग, वय, आईवडिलांची परवानगी यांबरोबर तू ऋणमुक्त आहेस का, राजाच्या सेवेत तर नाहीस ना, हेही विचारले जाई. एक ऋणको पळून येऊन भिक्खू झाला आणि धनको त्याच्यामागे आले, अशी कथा त्या नियमामागे सांगितली आहे. म्हणजे अशी तपासणी ही काही आजच्या बँकांची नवलाई नाही. पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट येते. भर संघात एकदम प्रश्न विचारले की नवखे उमेदवार लाजत, गोंधळत, उत्तर देऊ शकत नसत. मग तथागतांनी सांगितले की आधी उमेदवाराला बाजूला नेऊन प्रश्न समजावून द्यावेत आणि नंतर संघासमोर विचारावेत. आमच्या केंद्रावर दर रविवारी आम्ही साक्षांकन नमुन्याच्या कोऱ्या प्रती ठेवतो त्या याच कारणाने. मुले पेन्सिलने भरतात, अडतात, विचारतात.

सुरुवातीला सांगितलेल्या तरुणाचे पुढे असे झाले. मोबाइलची बाकी चार हजार होती, ती त्याच दिवशी भरली. अ‍ॅपमागची वित्तकंपनी शोधायला तीन दिवस गेले. तिचे पत्र यायला आठ. मामाची थकबाकी मोठी होती. भावकी बसली, मामीने डोरले गहाण टाकले, बाकीचे वर्गणीने जमवले आणि थकलेले हप्ते भरून खाते नियमित केले. बँकेने तिन्ही कागद स्वीकारले. तो ठरलेल्या तारखेला रुजू झाला आणि पहिल्या तीन पगारांतून त्याने मामीचे डोरले सोडवून आणले. मामाचे कर्ज अजून चालू आहे. जामीनदार बदलून द्यावा म्हणून त्याने वित्तकंपनीला अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.